पासंग

१

काटेबाईचा कामाचा दिवस सुरू व्हायचा तो 'काहीच नाही' मोजण्यापासून.

काटेबाई हे तिचं नाव नव्हे, आडनावही नव्हे. तराजूच्या काट्यावरून ऑफिसने ठेवलेलं ते नाव, आणि तिलाही ते मनापासून आवडायचं. दुसरे लोक प्रोग्रॅम लिहायचे, आणि तो कुठे रेंगाळतो, कुठे उगाच हेलपाटे घालतो, हे ती आकड्यांत दाखवून द्यायची. प्रोसेसरच्या पोटातच बारीक बारीक काउंटर असतात. किती सूचना पार पडल्या, किती वेळा मेमरीकडे धावावं लागलं, किती फाटे फुटले, हे ते गुपचूप मोजत असतात. ते वाचायचे दोन मार्ग. एक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला विचारायचं, म्हणजे खिडकीवर अर्ज, रांग, शिक्का; आकडा हातात पडेपर्यंत हजारो सूचना त्यातच खर्ची पडतात, आणि मोजायचं होतं ते त्या गर्दीत हरवून जातं. दुसरा मार्ग असा की कुणाला विचारायलाच जायचं नाही. आपल्याच प्रोग्रॅममधून, जागचं न हलता, काउंटर थेट वाचायचा. काटेबाईची सगळी कारागिरी या दुसऱ्या मार्गाची होती.

त्यात एक शिस्त पाळावी लागते. काउंटरसोबत मेमरीत एक पान असतं, त्यावर एक क्रमांक असतो. आधी क्रमांक बघायचा, मग काउंटर वाचायचा, मग परत क्रमांक बघायचा. तोच असेल तर ठीक. बदलला असेल तर मधल्या वेळात बाहेरून कुणीतरी येऊन गेलं असं समजायचं, वाचलेलं फेकून द्यायचं आणि पुन्हा वाचायचं.

पण कितीही हलक्या हाताने वाचलं, तरी वाचायला म्हणून काहीतरी लागतंच. म्हणून सकाळी पहिलं काम ते रिकामं माप. एकदा वाचायचं, मधे काहीच करायचं नाही, लगेच परत वाचायचं. जो फरक येईल तो नुसत्या वाचण्याचा. तिला हे काम शिकवणारे मास्तर त्याला पासंग म्हणायचे. जुन्या तराजूची पारडी रिकामी असली तरी एक किंचित झुकतं, मग दुसऱ्याला एक खडा बांधतात, तोच पासंग. मास्तरांनी लिहिलेली लायब्ररी, म्हणजे मोजणीचा सगळ्यांनी वापरायचा तयार प्रोग्रॅम, तो पासंग आपोआप वजा करायची, आणि रिकामं माप शून्य यायचं.

नऊ वर्षं ते शून्य आलं होतं. रोज सकाळी ते बघितलं की काटेबाईला बरं वाटायचं.

घरीही तिचं सगळं असंच सुरळीत होतं. गाडी नवरा चालवायचा, लेकीला शाळेत तोच सोडायचा. सासूबाई तर तिला गॅसजवळ फिरकू द्यायच्या नाहीत. "बस गं तू, दिवसभर डोकं चालवतेस," म्हणायच्या. लेकीची वेणीही त्याच घालत असणार, कारण घाईच्या सकाळीसुद्धा एखाद्या दिवशी पोरीच्या पाठीवर सुबक चौपेडी वेणी असायची, आणि काटेबाईला साधी तीन पेडांचीसुद्धा धड जमत नव्हती. असं सासर मिळायला नशीब लागतं, असं ती मैत्रिणींना सांगून सांगून थकायची नाही.

एकच गोष्ट मनाला लागायची. सात वर्षांची लेक रस्त्यात तिचा हात धरायची नाही. बाबांचा धरायची, आजीचा धरायची. आईने हात पुढे केला की दप्तराचे पट्टे घट्ट पकडून बसायची. "बाबांची शेपूट आहे ती," काटेबाई हसून म्हणायची. हसायला काय लागतं?

२

मंगळवारी सकाळी तिच्या पासवर्डची मुदत संपली. दर काही महिन्यांनी तो बदलावा लागतो आणि दर वेळी ती विसरायची. आठवण करायचं काम मास्तरांचं, आणि मास्तर नेमके दोन दिवस आजारी होते.

शेजारी टोपी बसायचा. मशीनच्या खोलीत बारा महिने थंडी, म्हणून हा कानावरून लोकरीची टोपी ओढूनच असायचा. नाव टोपी, पण त्याने आयुष्यात कुणाला टोपी घातली नव्हती. "माझ्या नावाने शीर की," तो म्हणाला, "मी तोवर कॉफी आणतो."

काटेबाई त्याच्या नावाने आत शिरली आणि सवयीने रिकामं माप घेतलं.

एकेचाळीस.

तिने परत घेतलं. एकेचाळीस. शंभर वेळा घेतलं. शंभरही वेळा एकेचाळीस, एक इकडे नाही की तिकडे नाही. या गोष्टीने ती पहिल्यांदा थबकली. दुसऱ्या कुणाचा गोंधळ असता तर आकडा हलला असता; कधी तीस, कधी नव्वद. हलणारा आकडा म्हणजे गर्दी. हा हलत नव्हता.

त्या खोलीत एक यंत्र फक्त तिच्यासाठी राखून ठेवलेलं होतं. त्यातला एक कोपरा असा बंदिस्त की तिच्या प्रोग्रॅमशिवाय तिथे कशालाही प्रवेश नव्हता. तिने पानावरचे क्रमांक तपासले. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही तेच. म्हणजे मधे बाहेरून कुणीही आलं नव्हतं. दोन वाचनांच्या मधे, जिथे तिने काहीही लिहिलेलं नव्हतं, तिथे तिच्याच प्रोग्रॅमने एकेचाळीस सूचना पार पाडल्या होत्या.

पंखे घुमत होते. तिने उगाचच खुर्ची मागे ओढून टेबलाखाली बघितलं, आणि स्वतःचंच हसू आलं तिला.

३

टोपी कॉफी घेऊन आला. ती खुर्चीतून उठली. "तू घे रे एकदा रिकामं माप."

तो उभ्या उभ्याच बटण दाबून मोकळा झाला. "शून्य. का गं?"

"आता मी घेते."

एकेचाळीस.

टोपीने कॉफी खाली ठेवली. माणूस तसा सरळ. त्याला वाटलं, की-बोर्डमध्ये काहीतरी असेल. की-बोर्ड बदलला. खुर्ची बदलली. मग काटेबाईने नवा पासवर्ड मिळवला आणि स्वतःच्या नावाने आत शिरली. शून्य. जिवात जीव आला. पण मोजणाऱ्या माणसाला एवढ्यावर थांबता येत नाही. "आता माझ्या नावाने तू घे," ती म्हणाली.

टोपीने घेतलं, आणि दोघंही पडद्याकडे बघत राहिली.

उणे एकेचाळीस.

'काहीच नाही' यापेक्षाही कमी. जे कधी घडलंच नव्हतं त्यातूनसुद्धा एकेचाळीस वजा झाले होते.

"लायब्ररीत काहीतरी घोळ आहे," टोपी म्हणाला. "मास्तरांना विचार ना. त्यांचंच बाळ आहे ते."

विचारायला जायचं नाही, स्वतः वाचायचं, हा तर मास्तरांचाच धडा. तिने लायब्ररी उघडली. नऊ वर्षांत तिने ती आतून कधी बघितली नव्हती. आपल्या माणसाने बांधलेल्या पासंगावर संशय घ्यायचा असतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पासंगाची जागा सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तिथे एक नाही, दोन आकडे होते. सगळ्यांसाठी सात. आणि त्याच्या खाली एक ओळ: वापरणारी काटेबाई असेल, तर अठ्ठेचाळीस.

ओळ लिहिल्याची तारीख बाजूला होतीच. ती नोकरीला लागली त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली.

४

दुपारी मास्तर आले. त्यांच्या खोलीत खिडकीपाशी एक रोप होतं, त्याला ते झारीने पाणी घालत होते. काटेबाई दारातच उभी राहिली.

"मास्तर, अठ्ठेचाळीस कुठून आले?"

कुठले अठ्ठेचाळीस, असं त्यांनी विचारलं नाही. झारी खाली ठेवली आणि हात पुसले. तिथेच तिला सगळं कळलं, खरं तर.

"पासवर्डची आठवण करायला हवी होती मी," ते म्हणाले. "ताप आला आणि राहिलं."

"मास्तर."

"बस आधी."

ती बसली नाही. मास्तरच बसले. "तू लागलीस आणि तुझी प्रत्येक मोजणी एकेचाळीसने जड. मला वाटलं यंत्र. यंत्र बदललं, प्रोसेसर बदलला, मजला बदलला. तू एकदा पाणी प्यायला उठलीस, मी तुझ्या खुर्चीत बसलो आणि तेच बटण दाबलं. सात. तू आलीस, परत अठ्ठेचाळीस."

"आणि मला सांगितलं नाही."

"काय सांगू? नवी नोकरी, हुशार पोर. तुझ्यात काहीतरी जास्तीचं आहे, असं सांगू? पासंग धरला आणि वजा केला. आकडे बरोबर यायला लागले. नऊ वर्षांत तुझी एक मोजणी चुकलेली नाही, पोरी."

"ती माझी नव्हतीच. तुम्ही माझ्यातून वजा करत होतात."

काटेबाईला वाटलं, हा माणूस आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला दरवर्षी फुलं पाठवतो. लेक झाली तेव्हा दवाखान्यात रात्रंदिवस खेपा घालणारा हाच. आणि रोज सकाळी आपण ज्या शून्यावर खूश व्हायचो ते शून्य यानेच आपल्याला बनवून दिलेलं.

"ते काय आहे, हे बघावंसं नाही वाटलं कधी?"

"वाटलं ना," मास्तर म्हणाले. "म्हणूनच बघितलं नाही. त्याच्याकडे न बघता वजा करत गेलो, आणि ते तेवढंच राहिलं. एकेचाळीसचं बेचाळीस झालं नाही कधी. तूही नको बघूस."

ती जायला वळली. दारात परत थांबली. "आणखी कुणाला माहीत आहे?"

मास्तरांनी रोपाकडे बघितलं. "तुझ्या नवऱ्याला. मी घाबरत घाबरत फोन केला होता त्याला, तेव्हाच. पण मी सांगायच्या आधीच त्याला ठाऊक होतं."

५

पाचला ती घरी पोचली. लेक शेजारच्या घरी खेळायला गेली होती. सासूबाई गॅसपाशी चहा टाकत होत्या, नवरा लेकीचे शाळेचे बूट पुसत बसला होता. ती गॅसपाशी गेली आणि बटणाला हात लावला. सासूबाईंनी नेहमीसारखा तिचा हात हलकेच बाजूला केला. "बस गं तू, दिवसभर डोकं–"

"का?" काटेबाई म्हणाली. "आज मला खरं सांगा. का बसू?"

सासूबाईंनी मुलाकडे बघितलं. एवढ्याशा बघण्यात दहा वर्षांचं सगळं आलं. नवऱ्याने ब्रश खाली ठेवला.

"मघाशी मास्तरांचा फोन आला होता," तो म्हणाला. "अगं, फार काही नाहीये ते. तू मधेच थांबतेस, एवढंच. कधी क्षणभर, कधी दहा मिनिटं. मग परत सुरू होतेस, जिथे होतीस तिथूनच. तुला कळतही नाही. आम्हाला सवय झालीये, आम्ही ते धरतच नाही."

"धरत नाही म्हणजे?"

"म्हणजे सोडून देतो."

"वजा करता."

"असं काय बोलतेस? तुझ्यासाठीच–"

"म्हणून गाडी तू चालवतोस. म्हणून मला गॅस नाही. म्हणून पिल्लूला आंघोळ मी घातलेली तुम्हाला चालत नाही." ती एकेक आठवत होती आणि एकेक हातातून निसटत होतं. लाड, कौतुक, 'बस गं तू'. यातलं काहीच लाड नव्हतं. तो सगळा बंदोबस्त होता. तोंडात मारल्यासारखं झालं तिला. "कधीपासून माहीत आहे?"

"लग्न ठरलं तेव्हा तुझ्या आईनेच सांगितलं," सासूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "लपवलं नाही हो त्यांनी आमच्यापासून."

आमच्यापासून नाही. आई जाऊन चार वर्षं झाली होती, तिच्याशी भांडायचीही सोय उरली नव्हती. काटेबाई मटकन खुर्चीत बसली. चहा उतू गेला, सासूबाईंनी गॅस बंद केला, पुसायला फडकं घेतलं.

"मी थांबते तेव्हा नुसती थांबते?" तिने शेवटी विचारलं.

सासूबाई ओटा पुसतच राहिल्या.

"पिल्लूची चौपेडी वेणी तुम्ही घालता ना, आई?"

सासूबाईंनी फडकं पिळलं. "मला कुठे येते चौपेडी," त्या म्हणाल्या. "ती तू घालतेस."

तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. दहाही बोटं ओळखीची होती.

"बोलते का मी? तेव्हा?"

"आमच्याशी नाही," नवरा म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला ते कळलं. त्याने मान खाली घातली आणि बूट पुन्हा पुसायला घेतले. ते मघाशीच चकचकीत झाले होते.

६

तूही नको बघूस, असं मास्तर म्हणाले होते. बुधवारी सकाळी काटेबाईने पहिली गोष्ट केली ती म्हणजे ती ओळच काढून टाकली, वरच्या सातासकट. ज्यांनी ज्यांनी तिच्यापासून काही लपवलं होतं, त्यातल्या एकाचं तरी तिला पुसता येत होतं.

रिकामं माप. अठ्ठेचाळीस. परत घेतलं. अठ्ठेचाळीस.

मास्तर बघायला घाबरले, पण काउंटर कशाला घाबरणार? एकेचाळीस सूचना, तर त्या कसल्या, हे तरी विचारता येतंच. मेमरीत काही लिहिलं का? नाही. काही वाचलं का? हो, एकदा. फाटा किती? एक. फाटा म्हणजे प्रोग्रॅममधली अशी जागा जिथे एक प्रश्न विचारला जातो, आणि हो की नाही यावरून पुढची वाट ठरते. त्या एकेचाळीसमध्ये कुणीतरी एकदा काहीतरी बघत होतं, एकच प्रश्न विचारत होतं, आणि परत फिरत होतं. काटेबाईने हजार वेळा माप घेतलं. हजार वेळा उत्तर एकच: नाही.

नऊ वर्षं दर मोजणीत कुणीतरी येऊन बघून जात होतं. आत्ता? नाही. आत्ता? नाही.

दाराची फट लोटून कुणी झोपलंय का ते बघावं, तसं. ही उपमा मनात आली आणि तिला घाम फुटला. पण तिने स्वतःला दटावलं. यंत्र आहे, सूचना आहेत, काहीतरी कारण असणारच. पानावरचा क्रमांक आधी आणि नंतर तोच आहे, बाहेरून कुणी येत नाहीये. आणि हे स्वतःला समजावत असतानाच तिला उमगलं की यात समाधान मानण्यासारखं काहीच नाही. बाहेरून कुणी येत नसेल तर जे आहे ते आतलंच आहे.

तिने परत बटण दाबलं. टेबलावर कॉफीचा भरलेला कप होता, वाफ येत होती. पडद्यावर अकरा वाजून वीस मिनिटं.

अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस.

मग एक आकडा आला, तो वाचताना तिला बोट लावून घरं मोजावी लागली. आठ घरं. कोटींच्या घरातला आकडा. त्यासमोर फाट्याचं उत्तर: हो.

कप रिकामा होता. धुतलेला होता, आणि रुमालावर पालथा घातलेला. काटेबाई कधीच कप पालथा घालायची नाही. पडद्यावर अकरा अडतीस झाले होते.

"टोपी," तिने हाक मारली. आवाज नीट निघाला, याचंच तिला नवल वाटलं. "मी आत्ता काय करत होते?"

टोपीने टोपी कानावरून वर सरकवली. "काम करत होतीस की. झरझर टाइप करत होतीस. मी म्हटलंसुद्धा, आज काटेबाई जोरात आहेत." मग जरा थांबून म्हणाला, "तू गुणगुणत होतीस. छान वाटलं. तू कधी गुणगुणत नाहीस."

लायब्ररी उघडी होती. तिने सकाळी काढून टाकलेल्या ओळीच्या जागी एक नवी ओळ होती. तिच्याच नावाने, तिच्याच बोटांनी, अकरा एकतीसला लिहिलेली. पासंग म्हणून तिथे आता अठ्ठेचाळीस नव्हते. नुसते सात होते. आणि पुढच्याला कळावं म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे बाजूला दोन शब्द लिहून ठेवतात ना, तशी टीप:

'हे सात तिचे. वजा करावेत.'

काटेबाई कितीतरी वेळ ते वाचत बसली. एखाद्याला हिणवायचं असेल तर आपण म्हणतो, तो पासंगालाही पुरायचा नाही. ती बरोबर पासंगापुरती होती.

७

गुरुवारी सकाळी ती म्हणाली, "आज पिल्लूला मी सोडणार."

नवरा दारात आडवा आला. ओरडला नाही, नुसता उभा राहिला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "तिची आई आहे मी," काटेबाई म्हणाली. "जे काय उरलंय त्यात एवढं तरी माझं असू दे." नवरा बाजूला झाला. मागून येऊ का, असं त्याने विचारलं. ती नको म्हणाली.

तिने ठरवूनच ठेवलं होतं. मास्तरांनी लपवलं, नवऱ्याने लपवलं, आईने मरेपर्यंत लपवलं. लेक सात वर्षांची होती, तिला लपवता येत नव्हतं. तिने हात धरला की झालं. बाकीच्यांचं मग काय ते बघता येईल.

लेकीचे केस सुटेच होते, नुसता रबर मनगटाला. दोघी फुटपाथवरून निघाल्या. लेक दोन पावलं बाजूने, पट्टे घट्ट धरून. शाळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. सिग्नलला लाल आकडे उलटे मोजत होते: अडतीस, सदतीस.

काटेबाईने आपली शिस्त सुरू केली. आधी आकडा बघायचा, मग लेकीकडे, मग परत आकडा. छत्तीस, लेक, पस्तीस. ठीक. मधे कुणी आलं नाही. चौतीस, लेक, तेहेतीस.

"पिल्लू, हात दे."

लेकीने पट्टे सोडले नाहीत.

"आईचा हात का नाही धरत तू? रागावणार नाही मी. खरं सांग."

पोरीने मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. रागाने नाही, लाडाने नाही. बेल वाजवून, घरात कुणी आहे का याची वाट बघणारा माणूस दाराकडे जसा बघतो, तशी बघत राहिली. हो की नाही.

"थोडं थांबू या," ती म्हणाली.

"कशासाठी?"

"अशीच."

वीस, लेक, एकोणीस. काटेबाईला रडू येत होतं, आणि रडलं तर आकडा दिसणार नाही म्हणून ती रडत नव्हती. गाड्या सपासप जात होत्या. मागे कुणीतरी सायकलची घंटा वाजवली. चौदा, लेक, तेरा. आपण आहोत. बारा, लेक, अकरा. अजून आहोत. तिने हात पुढे केलेला तसाच ठेवला, तळवा वर. दहा, लेक–

शाळेचं फाटक.

ऊन वेगळीकडून येत होतं. मोठा रस्ता मागे राहिला होता, पार मागे, दोन वळणांपलीकडे. आणि तिच्या तळहातात लेकीचा हात होता. ऊबदार, घामेजलेला, पाचही बोटं तिच्या बोटांत गुंतवलेली, पुढे-मागे झुलणारा. लेक उड्या मारत चालली होती. पाठीवर चौपेडी वेणी, एक केस इकडचा तिकडे नाही. तोंड भरून हसत ती काहीतरी विचारत होती, अर्ध्यातून ऐकू आलं: "–आणि मग तो खाली आला तेव्हा तू काय केलंस?"

काटेबाईला उत्तर माहीत नव्हतं. गोष्ट कुठून सुरू झाली तेच माहीत नव्हतं. ती नुसती तो हात धरून उभी राहिली, कारण तो तिला सात वर्षं हवा होता.

लेकीने उत्तरासाठी वर बघितलं. हसू होतं तिथेच थांबलं, आणि मग हळूहळू गेलं. तिने आपली बोटं सोडवून घेतली, एकेक करून, दुखू नये अशी. दप्तराचे पट्टे पकडले.

"परत तूच का?" ती म्हणाली.